जुन्या पॉपच्या क्लिपमध्ये खरं कोण गातंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी टीव्हीवर ॲबा, बोनी एम आणि मायकल जॅक्सनच्या जुन्या क्लिप लावल्या, की सतरा वर्षांची मुलगी म्हणते, "बाबा, हे कोणीच गात नाहीयेत, नुसते ओठ हलवतायत." हे खरं आहे का? ओळखायचं कसं? आणि खरं असेल तर आपण इतकी वर्षं फसलो का?

मुलीचा कान तयार आहे, हे तिला आधी सांगा. पण तिने घेतलेली तीन नावं म्हणजे तीन वेगळी प्रकरणं आहेत. तिन्हींवर एकच शिक्का मारला तर निदान दोघांवर अन्याय होईल. मी गेली एकतीस वर्षं साउंड करतो. सुरुवात गणपतीतल्या ऑर्केस्ट्रांपासून झाली, मग टीव्हीचे स्टुडिओ, मग मोठी मैदानं. आवाज जुळवायच्या यंत्रामागे, म्हणजे कन्सोलमागे, उभा राहून शेकडो वेळा आधी ध्वनिमुद्रित केलेला ट्रॅक सोडला आहे आणि त्याहून जास्त वेळा जिवंत आवाज सांभाळला आहे. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

'लाइव्ह की लिपसिंक?' असं विचारलं की आपण धरून चालतो, की गाणं एकतर सगळं खरं किंवा सगळं खोटं. कन्सोलवर तसं कधीच नसतं. तिथे प्रत्येक आवाज कमी-जास्त करायची वेगळी सरकती कळ असते, तिला फेडर म्हणतात. गळा एका फेडरवर, साथ दुसऱ्या, कोरस तिसऱ्या. सगळंच रेकॉर्डवरून वाजत असेल तर तो पूर्ण प्लेबॅक. साथ टेपवर आणि गळा जिवंत, म्हणजे आमच्याकडचा मायनस ट्रॅक. युरोपात त्याला हाफ प्लेबॅक म्हणत. सगळं जिवंत वाजलं, पण नंतर स्टुडिओत बसून डागडुजी केली, असंही पुष्कळदा झालं आहे. म्हणून माझ्याकडे कोणी क्लिप आणली की मी विचारतो, 'यातलं काय काय जिवंत आहे?' उत्तर बहुतेक वेळा 'थोडंसं' असतं.

आता तुमच्या तिघांकडे वळू.

मायकल जॅक्सनची जी क्लिप जगभर फिरते, ती २५ मार्च १९८३ ची. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून कॅलिफोर्नियातल्या पसाडेना सिव्हिक ऑडिटोरियममध्ये सोहळा चित्रित झाला आणि १६ मे रोजी तो टीव्हीवर दाखवला गेला. त्यात मायकल आधी भावांबरोबर जुन्या गाण्यांची माळ गातो. ते जिवंत आहे. श्वास ऐकू येतो, आवाज वरखाली होतो. मग भाऊ निघून जातात आणि 'बिली जीन' सुरू होतं. ते रेकॉर्डवर आहे. त्याचा मूनवॉक, म्हणजे पुढे चालल्यासारखं दाखवत मागे सरकणं, लोकांनी पहिल्यांदा पाहिला तो याच गाण्यात. एकच माणूस, एकच रंगमंच, एकच संध्याकाळ आणि काही मिनिटांच्या अंतराने दोन्ही प्रकार. गाता येत नव्हतं म्हणून त्याने ट्रॅक लावला, असं ही क्लिप सलग पाहणारा कोणीही म्हणणार नाही. त्या गाण्यात त्याला नाच दाखवायचा होता आणि रेकॉर्डवरचा तो करकरीत ठेका जसाच्या तसा हवा होता. मला विचाराल तर निर्णय बरोबर होता.

ॲबाचं नेमकं उलट. ६ एप्रिल १९७४ ला इंग्लंडमधल्या ब्रायटनला युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेत त्यांनी 'वॉटर्लू' गायलं. या स्पर्धेचा नियम होता की गळा जिवंतच हवा. साथीचा टेप १९७३ पासून चालू लागला होता, पण अट अशी, की टेपवर जे वाद्य ऐकू येतं ते रंगमंचावर दिसलं पाहिजे. समोर पूर्ण वाद्यवृंद होता आणि त्याचा संचालक स्वेन-ओलोफ वॉल्डॉफ चक्क नेपोलियनच्या वेशात आला होता. ॲबाच्या दोघी गायिका, ॲग्नेथा आणि फ्रिडा, त्या रात्री खऱ्या गात होत्या. त्याच गाण्याच्या युरोपातल्या टीव्ही स्टुडिओंमधल्या बहुतेक क्लिप मात्र प्लेबॅकवरच्या आहेत. तुमच्या मुलीने यातली कुठली पाहिली, त्यावर तिचं म्हणणं खरं की खोटं ते ठरेल.

इथे एक कारागिरीची गोष्ट सांगायलाच हवी. ॲबाचा रेकॉर्डवरचा आवाज दोन बायकांचा नाही. त्यांचा ध्वनिमुद्रक मायकल ट्रेटॉव्ह हा त्याच दोन गळ्यांचे थर एकावर एक चढवायचा आणि मध्येच टेपचा वेग किंचित बदलायचा, म्हणजे थर एकमेकांत पूर्ण मिसळून न जाता झळकतात. साडीच्या जरीवर उजेड पडावा तसा तो आवाज आहे. दोन माणसं रंगमंचावर उभी राहून तो काढूच शकत नाहीत. म्हणून टीव्हीवर फक्त दोघी दिसताहेत आणि ऐकायला मात्र भरगच्च कोरस येतोय, तर ती रेकॉर्ड. १९७९ च्या नोव्हेंबरात लंडनच्या वेम्बली अरीनात त्यांनी सलग सहा रात्री कार्यक्रम केले. त्याचं ध्वनिमुद्रण पुढे बाहेर आलं, ते ऐका. तिथे आवाज जरा पातळ, जरा खरबरीत आहे आणि मला तो फार प्रिय आहे.

बोनी एमचं प्रकरण खरोखर गुंतागुंतीचं, ते पुढे घेतो.

आधी हे व्हायचं का, ते समजून घ्या, कारण गायकाच्या आळसाशी त्याचा फारसा संबंध नव्हता. बीबीसी टीव्हीवरचा 'टॉप ऑफ द पॉप्स' हा कार्यक्रम १ जानेवारी १९६४ ला सुरू झाला, मँचेस्टरच्या डिकन्सन रोडवर एका जुन्या प्रार्थनामंदिरात थाटलेल्या स्टुडिओतून. कलाकार येऊन रेकॉर्डवर ओठ हलवायचे आणि ते कोणी लपवत नव्हतं. निवेदकाच्या शेजारी एक मुलगी बसायची, ती कॅमेऱ्यासमोर तबकडी ग्रामोफोनवर ठेवायची, मग गाणं सुरू व्हायचं. लोकांना तबकडी दिसत होती! आठवड्यातली सर्वात खपाची गाणी जशी दुकानात मिळतात तशी ऐकवायची, त्यांचे चेहरे दाखवायचे, एवढंच त्या कार्यक्रमाचं वचन होतं आणि ते पाळलं जात होतं.

अडचण वादकांना झाली. ब्रिटनची म्युझिशियन्स युनियन तेव्हा जबर ताकदीची. तिचा हिशेब सरळ होता: रेकॉर्ड वाजली की कुणा वादकाची बिदागी बुडाली. 'कीप म्युझिक लाइव्ह' ही तिची मोहीम १९६३ पासूनची. बीबीसी रेडिओवर तर बाजारातल्या रेकॉर्ड दिवसभरात किती वेळ वाजवायच्या याला मर्यादा होती, तिला 'नीडल टाइम' म्हणत. उरलेला वेळ भरायला बीबीसीला कलाकार स्टुडिओत बोलावून वाजवून घ्यावं लागे. या नियमाने जगावर केवढे उपकार केले पाहा: बीटल्सनी १९६२ ते १९६५ या काळात बीबीसी रेडिओसाठी २७५ वेळा गाणी वाजवली, एकूण ८८ वेगवेगळी. त्यातली बरीच त्यांनी रेकॉर्डसाठी कधी केलीच नाहीत. नीडल टाइम नसता तर ती आपल्यापर्यंत आलीच नसती.

१९६६ मध्ये युनियनने टीव्हीवर रेकॉर्ड लावून ओठ हलवणंही बंद पाडलं. मग 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये जॉनी पिअरसनचा वाद्यवृंद आणि 'लेडीबर्ड्स' नावाचा गायिकांचा गट आला. कलाकाराने एकतर या मंडळींच्या साथीवर गायचं, नाहीतर कार्यक्रमासाठी गाण्याची साथ नव्याने ध्वनिमुद्रित करून आणायची. महिना महिना खपून बनवलेलं गाणं तीन तासांच्या सत्रात पुन्हा उभं करायचं, युनियनचा माणूस हजर असताना. त्या काळातले अनेक वादक आणि निर्माते पुढे सांगत आले, की युनियनच्या माणसाला चहाला किंवा पबात न्यायचं आणि तेवढ्यात मूळ टेप नव्या डब्यात घालून बीबीसीकडे पाठवायची. मला त्यांचा राग येत नाही. युनियनचाही येत नाही. आमच्याकडे ऑर्केस्ट्रात बारा-पंधरा वादक असायचे, त्यांच्या जागी की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि लॅपटॉप आला, तेव्हा घरी बसलेले व्हायोलिनवाले मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

या बंदीमुळे काही सुंदर गोष्टीही घडल्या. 'हॅलो गुडबाय'साठी बीटल्सनी १९६७ मध्ये फिल्म केली, त्यात ते ओठ हलवताना दिसतात म्हणून ती त्या कार्यक्रमात दाखवताच आली नाही. पुढच्या वर्षी ते शहाणे झाले. ४ सप्टेंबर १९६८ ला ट्विकनम स्टुडिओत 'हे जूड' आणि 'रिव्होल्यूशन' चित्रित करताना त्यांनी साथ टेपवर ठेवली आणि गळा माइकवर जिवंत दिला. 'रिव्होल्यूशन'ची ती क्लिप शोधा. मागचा कोरस दुकानातल्या तबकडीत नाहीच, तो त्याच गाण्याच्या अल्बममधल्या संथ आवृत्तीतून घेतलेला आहे. कागदावर याला कोणी 'अर्धं प्लेबॅक' म्हणेल. माझ्या मते बीटल्सच्या शेवटच्या काही वर्षांतली ही सर्वात जिवंत क्लिपांपैकी एक आहे.

टेपवर अवलंबून राहिलं की अपघात होतोच. १९६७ मध्ये 'टॉप ऑफ द पॉप्स'वर गिटारवादक जिमी हेंड्रिक्स 'पर्पल हेझ' गायला उभा राहिला आणि बीबीसीच्या तंत्रज्ञाकडून अॅलन प्राइसच्या गाण्याचा ट्रॅक सुटला. हेंड्रिक्स म्हणाला, याचे शब्द मला येत नाहीत. तो प्रसंग हसण्यावारी गेला. दुसरा गेला नाही आणि तो जरा जवळून बघण्यासारखा आहे.

ऑगस्ट १९८८, तोच कार्यक्रम. 'ऑल अबाउट ईव्ह' नावाचा बँड, गाणं 'मार्थाज हार्बर'. एक गिटार आणि ज्युलियन रीगन या गायिकेचा गळा, एवढंच गाणं. तोवर ओठ हलवणं पुन्हा रूढ झालेलं. निवेदक नाव घेतो, कॅमेरा त्यांच्यावर येतो. घरोघरी गिटार वाजू लागते, मग गायिकेचा आवाजही येतो. पडद्यावर मात्र ती स्टुलावर शांत बसलेली, ओठ मिटलेले. शेजारचा गिटारवाला हात न हलवता बसलेला. दोघं वाट बघताहेत, कारण त्यांना स्टुडिओत काहीच ऐकू येत नाही. ट्रॅक दोन वाटांनी जातो: एक प्रक्षेपणाकडे, दुसरी कलाकाराच्या समोरच्या स्पीकरकडे, ज्याला आम्ही फोल्डबॅक किंवा मॉनिटर म्हणतो. पहिली वाट उघडी होती, दुसरी बंद. कंट्रोल रूममधल्या माणसाला सगळं व्यवस्थित ऐकू येत असणार. तो पडद्याकडे बघून गोंधळला असणार. ही क्लिप पाहिली की माझ्या पोटात अजून खड्डा पडतो, कारण ते बटण कुठलं हे मला माहीत आहे. पुढच्या आठवड्यात त्यांना परत बोलावलं आणि या वेळी त्या जिवंत गायल्या.

अमेरिकेत युनियनपेक्षा पैसा आणि वेळ यांचं राज्य होतं. फिलाडेल्फियातला 'अमेरिकन बँडस्टँड' ऑगस्ट १९५७ पासून देशभर दिसू लागला. रोज दुपारी पोरं नाचायची आणि पाहुणा गायक रेकॉर्डवर ओठ हलवायचा. वाद्यवृंद ठेवायचा खर्च नाही, साउंड चेक नाही. १९८० मध्ये पंक गायक जॉन लायडन आपला 'पब्लिक इमेज लिमिटेड' हा बँड घेऊन या कार्यक्रमात आला आणि त्याने ओठ हलवायचं नाटक सोडूनच दिलं. रेकॉर्ड वाजत राहिली, तो प्रेक्षकांत फिरत राहिला आणि शेवटी सगळ्यांना रंगमंचावर ओढून आणलं.

'एड सुलिव्हन शो'ची रीत निराळी. तिथे घरचा वाद्यवृंद होता आणि बहुतेक जण खरे गात. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स तिथे गायले, तेव्हा अंदाजे ७ कोटी ३० लाख अमेरिकन बघत होते. सगळं जिवंत. म्हणूनच त्यात दोष आहे: जॉन लेननचा माइक मिक्समध्ये खाली राहिला आहे. जिवंत कार्यक्रमातला दोष असाच असतो, तो कायमचा तिथे राहतो.

आणि 'जिवंत' म्हणून गाजलेलं सगळं जिवंत असतं असंही नाही. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ५५,६०० लोकांसमोर बीटल्स वाजले. शंभर वॅटचे अॅम्प्लिफायर, गाण्यासाठी मैदानाचे घोषणेचे भोंगे आणि रंगमंचावर स्वतःला ऐकायला मॉनिटर नाहीच. मागे ड्रमवर बसलेल्या रिंगोला समोरच्या तिघांच्या पाठमोऱ्या हालचालींवरून गाणं कुठवर आलंय ते कळायचं. त्या कार्यक्रमाची फिल्म टीव्हीवर दाखवायची ठरली, तेव्हा ५ जानेवारी १९६६ ला लंडनच्या एका स्टुडिओत बसून त्यांनी बरंच पुन्हा गायलं, वाजवलं. 'ॲक्ट नॅचरली'च्या जागी तर सरळ रेकॉर्ड चिकटवली. म्हणजे क्लिपमधली गर्दी खरी, घाम खरा, गाणारा तोच. फक्त आवाज साडेचार महिन्यांनंतरचा.

तर ओळखायचं कसं? सवय एकच लावा: पहिल्यांदा डोळे मिटून ऐका. चित्र कानाला फितवतं.

गाणं शेवटी हळूहळू विरत गेलं, तर ती रेकॉर्ड. जिवंत बँड कुठेतरी थांबतो, विरून जात नाही. एकाच तोंडातून दोन समान आवाज एकमेकांना घासत येत असतील तरी रेकॉर्ड. साठच्या दशकात गायक स्वतःच्याच आवाजावर दुसऱ्यांदा गायचे, आणि १९६६ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या केन टाउन्सेंडने हे काम यंत्राकडून करून घ्यायची युक्तीही काढली. मग माइकपासूनचं अंतर बघा. गायकाने मान वळवली, हात लांब केला, आणि आवाजात काडीचा फरक पडला नाही? माइक जिवंत नाही. जवळ आलं की आवाजाला खर्जाचा भरीवपणा येतो, प-फ वर 'फट्' असा वारा आदळतो, लांब गेलं की आवाज पातळ होतो.

याहून बारीक खूण आहे ती ड्रमची. जिवंत माइक फक्त गायकाचं ऐकत नाही, मागचं सगळं ऐकतो. त्यामुळे गायक कडवं संपवून माइकपासून बाजूला झाला, की झांजांचा आवाज मोकळा होऊन जरा पुढे येतो. तो पुन्हा गायला लागला की झांजा मागे सरतात. हा श्वासासारखा चढउतार ऐकू आला तर मी पैजेवर सांगेन की निदान तो माइक चालू आहे. प्लेबॅकमध्ये झांजा जागच्या हलत नाहीत.

आता डोळे उघडा. १९७० च्या आसपासची क्लिप आणि इलेक्ट्रिक गिटारला वायरच नाही? मग ते वाद्य शोभेचं. ड्रमर झांजेला नुसता गोंजारतोय आणि ऐकायला मात्र झणझणीत येतंय? त्याला आवाज न करता वाजवायला सांगितलेलं आहे.

ओठ बघायचे असतील तर शाळेत शिकलेली ओष्ठ्य अक्षरं आठवा: प, फ, ब, भ, म. इंग्रजी गाण्यात प, ब, म ला ओठ पूर्ण मिटावेच लागतात, 'बेबी' म्हणताना दोनदा. स्वरांवर फसवता येतं, इथे येत नाही. क्लिप थांबवत थांबवत पुढे सरकवा आणि ओठ मिटण्याचा क्षण व आवाज जुळतो का पाहा. पण जपून. प्लेबॅकचा स्पीकर दहा मीटर लांब असेल तर आवाज गायकापर्यंत पोचायलाच जवळपास ३० मिलिसेकंद लागतात आणि ब्रिटिश टीव्हीची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. त्यामुळे ओठ बारीकसे मागे पडतात. उलट, खरं गाणाऱ्याची क्लिपसुद्धा जुन्या टेपवरून उतरवताना सरकलेली असू शकते. नुसत्या ओठांवरून निकाल देऊ नका.

हल्लीची मोठी अडचण तिसरीच आहे. हौशी लोक जुन्या जिवंत चित्रावर 'स्वच्छ आवाज' म्हणून सीडीवरचं गाणं चढवतात. मग खरा गाणारा माणूस ओठ हलवणारा दिसतो. एकाच कार्यक्रमाच्या दोन-तीन वेगवेगळ्या क्लिप शोधून ताडून पाहणं, हा त्यावरचा उपाय. पट्टीवरूनही लगेच ठरवू नका. सेकंदाला २४ चित्रांची फिल्म युरोपच्या टीव्हीवर २५ च्या वेगाने चालवायचे, त्यात गाणं चार टक्के जलद होतं आणि काळी एकचं गाणं पांढरी दोनच्या जवळपास जाऊन बसतं. रेकॉर्डशी पट्टी जुळली नाही म्हणजे ते वेगळं गायलं, असं नाही.

एक गोष्ट मात्र या कुठल्याच खुणांत सापडत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वाहिनीसाठी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम चित्रित होत होता. साठीच्या पुढच्या एक गायिका होत्या. वाहिनीला धोका नको होता, म्हणून त्यांचा आवाज आदल्या दिवशी घेतला आणि चित्रीकरण प्लेबॅकवर. हातात माइक होता, वायर जोडलेली होती, पण माझ्याकडे त्यांचं चॅनल बंद. त्या मला म्हणाल्या, "दादा, समोरचा स्पीकर मोठा ठेव, मला हळू गाता येत नाही." मला वाटलं, सवयीने बोलताहेत. गाणं सुरू झालं आणि मी सहज त्यांच्या चॅनलचं पीएफएल दाबलं. या बटणाने बंद माइकचा आवाज फक्त माझ्या हेडफोनमध्ये येतो, बाहेर जात नाही. त्या पूर्ण गळ्याने गात होत्या. मान ताठ, शिरा फुगलेल्या, श्वास जिथे घ्यायचा तिथेच घेतलेला. तिसऱ्या टेकला अंतऱ्यात त्यांनी एक छोटी हरकत, म्हणजे सुरांची चटकन घेतलेली फिरकी, घेतली, जी आदल्या दिवशीच्या ट्रॅकमध्ये नव्हतीच. ओठ ट्रॅकपासून क्षणभर सुटले. दिग्दर्शकाने "कट" म्हटलं आणि पुन्हा करायला लावलं. ती हरकत जगात माझ्याशिवाय कोणी ऐकली नाही. तेव्हापासून 'नुसते ओठ हलवतात' हे वाक्य मला उच्चारता येत नाही. चांगलं लिपसिंक करणारा गातच असतो. न गाता केलेलं लिपसिंक मानेवरून ओळखू येतं.

मग फसवणूक कशाला म्हणायचं? इथे बोनी एमकडे येतो. आपल्याकडे त्यांच्या कॅसेटी किती वाजल्या ते तुमच्या-माझ्या वयाच्या माणसाला सांगायला नको. पुढे नाचणारा बॉबी फॅरेल रेकॉर्डवर गायलेला नाही. तो घनगंभीर पुरुषी आवाज निर्माता फ्रँक फेरियनचा स्वतःचा आहे. गटातल्या चौघांपैकी रेकॉर्डवरचा गळा लिझ मिचेल आणि मार्शा बॅरेट या दोघींचा. मेझी विल्यम्सचा नाही. फेरियनने हे पुढे स्वतःच सांगितलं.

त्याच फेरियनने दहा-बारा वर्षांनी 'मिली व्हॅनिली' ही जोडी उभी केली. रॉब पिलाटस आणि फॅब मॉर्वन, दोघे देखणे, उत्तम नाचणारे. रेकॉर्डवर गायले चार्ल्स शॉ, जॉन डेव्हिस आणि ब्रॅड हॉवेल. जुलै १९८९ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकटला कार्यक्रम चालू असताना ट्रॅक अडकला आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजू लागली. रॉब रंगमंचावरून पळाला. तरीही फेब्रुवारी १९९० मध्ये त्यांना सर्वोत्तम नवोदितांचं ग्रॅमी मिळालं, आणि फेरियनने नोव्हेंबरमध्ये खरं सांगितल्यावर ते काढून घेतलं गेलं. सगळी छीथू त्या दोन पोरांची झाली. रॉब १९९८ मध्ये गेला. माझा राग त्या पोरांवर नाही. ज्याने करार केले, आवाज निवडले, नावं छापली त्याच्यावर आहे.

आपल्याला हे समजायला सोपं जायला हवं. मराठी माणसाचा कान संगीत नाटकावर पोसला, तिथे नटाने स्वतःच गायचं, तेही माइकशिवाय. त्याच माणसाने पुढे सिनेमातलं पार्श्वगायन आनंदाने स्वीकारलं, कारण पडद्यावर कोण आणि गळा कुणाचा हे त्याला कळत होतं. सुरुवातीला तेही कळत नव्हतं. १९४९ च्या 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी', म्हणजे मधुबालाच्या पात्राचं. लोक रेडिओला विचारू लागले की ही गाते कोण, तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आलं. ओठ मधुबालाचे होते यात काही वावगं नव्हतं. तबकडीवर गाणारीचं नाव नव्हतं, हे वावगं होतं. मिली व्हॅनिलीलाही मी हाच नियम लावतो, आणि जॅक्सनलाही. 'बिली जीन'मध्ये ओठही त्याचे, गळाही त्याचाच. बोनी एमच्या बाबतीत, खरं सांगतो, माझं मन अजून पूर्ण साफ नाही. बॉबीशिवाय ती गाणी त्या गाण्यांसारखी दिसली नसती. पण मार्शा आणि लिझ यांची नावं आपल्या कॅसेटीवर किती जणांनी वाचली होती?

आता मुलीसाठी. चांगले हेडफोन लावायला सांगा. आधी ब्रायटनचं 'वॉटर्लू', नेपोलियनसकट, आणि लगेच त्याच गाण्याची रेकॉर्ड. कोरस कुठे पातळ होतो ते तिला आपोआप सापडेल. मग मोटाउनची क्लिप भावांच्या माळेपासून, 'बिली जीन'वर उडी न मारता. आणि शेवटी ९ फेब्रुवारी १९६४ चे बीटल्स, डोळे मिटून. तिला सांगा, जॉनचा आवाज शोध. कष्ट पडतील, पण आहे तो तिथे. सापडला की मला कळवा.